घरचं दंतमंजन: बाभूळसालीपासून चॉकपर्यंतच्या नोंदी

टूथपेस्टऐवजी मोठ्या माणसांना रोज वापरता येईल असं मंजन घरी करण्याच्या या नोंदी आहेत. औषधी गुणांची चर्चा इथे नाही. कुठलीही पाककृती उघडली की त्यात बाभूळ, त्रिफळा, लवंग, तुरटी असतेच. पण मंजन फसतं ते बहुतेक वेळा दोनच गोष्टींमुळे, एक दळण आणि दुसरी आंबटपणा. त्यामुळे नोंदीही त्यांच्याभोवतीच जास्त आहेत.

१० नोव्हेंबर २०२४. खरेदी

पावसाळा संपून हवा कोरडी झाल्यावरच सुरुवात करावी. साल आणि हिरडा नीट वाळले नाहीत तर पुढचं सगळं बिघडतं.

पुण्यात रविवार पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून घेतलं: बाभळीची साल पाव किलो (₹१५०), त्रिफळा चूर्ण १०० ग्रॅम (₹६०), ज्येष्ठमधाच्या काड्या १०० ग्रॅम (₹८०), तुरटी ₹१०, लवंग २५ ग्रॅम (₹३०). सैंधव आणि खाण्याचा सोडा घरात होता.

साल तयार चूर्णाच्या रूपात घेऊ नये. चूर्णात साल किती आणि लाकडाचा भुसा किती ते कळत नाही. अखंड साल घेतली की वरचं भेगाळलेलं काळं बूच सुरीनं खरवडून काढता येतं. कामाचा असतो तो आतला तांबूस, तंतुमय थर. खरवडल्यावर पाव किलोतली जवळजवळ निम्मी साल फेकावी लागली. किंमत धरताना ही घट धरायची.

१७ नोव्हेंबर. कुटणं

पहिला घाणा, १०० ग्रॅम: बाभूळ ४०, त्रिफळा ३०, सैंधव १५, लवंग १०, फुलवलेली तुरटी ५. घरोघरी सांगितलं जातं ते साधारण याच प्रमाणात.

साल लोखंडी खलबत्त्यात कुटली. चूर्ण तांबूस यायला हवं होतं, आलं राखाडी. चिमूटभर पाण्यात टाकल्यावर पाणी शाईसारखं काळं झालं. कारण सरळ आहे. बाभळीत आणि त्रिफळ्यातल्या हिरड्यात टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर असतं आणि लोखंडाशी गाठ पडली की ते काळं पडतं. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून शाई करायचे ती याच गुणावर. साल थोडी दमट होती, त्यामुळे काम आणखी लवकर झालं. हे मंजन दातांवर घासण्यात अर्थ नाही. घाणा टाकून दिला, त्यासोबत १० ग्रॅम लवंगही गेली.

दुरुस्ती: साल सावलीत आठवडाभर, मग तासभर उन्हात. काडी वाकवली तर कट्कन मोडली पाहिजे. दगडी खलात ठेचून मग स्टेनलेस स्टीलच्या मिक्सरच्या भांड्यात, दर वीस सेकंदांनी थांबून. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि लवंगेचा वास तिथेच उडून जातो. लवंग नेहमी शेवटी आणि वेगळी दळायची.

२४ नोव्हेंबर. चाळणं

मैद्याची चाळणी पुरत नाही. तिच्यातून पडलेलं चूर्ण बोटांना मऊ लागतं, पण दातांमध्ये धरलं की करकरतं. जुन्या वैद्यकीत ‘वस्त्रगाळ’ सांगतात ते उगाच नाही. मलमलच्या धुतलेल्या जुन्या कापडाची दुपदरी पुरचुंडी करून मोठ्या पातेल्यात हलकेच आपटायची. पीठ धुरासारखं खाली बसतं. जोरानं चोळलं तर काड्याही कापडातून घुसतात.

ज्येष्ठमधानं सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. तो दळला की लोकरीसारखे तंतू होतात आणि कापडाची छिद्रं बुजवतात. आधी मैद्याच्या चाळणीतून तंतू काढायचे, मग वस्त्रगाळ. शंभर ग्रॅम काड्यांमधून कामाचं चूर्ण ४० ग्रॅमच्या आसपास मिळालं.

नाकातोंडाला फडकं बांधूनच हे काम करावं. लवंगेची आणि सालीची धूळ घशात गेली की खोकला थांबत नाही.

१ डिसेंबर. आंबटपणा

दुरुस्त केलेला घाणा (प्रमाण तेच) वापरून बघितला. हिरड्या चुरचुरल्या आणि तासाभरानं गार पाणी प्यायल्यावर दात शिवशिवले. चिंच-कैरीनं दात आंबतात तसंच.

मापण्यासाठी एक भाग मंजन आणि तीन भाग पाणी, वजनानं. पीएचची (आंबटपणाच्या मापाची, आकडा जितका कमी तितकं आंबट) कागदी पट्टी इथे निरुपयोगी ठरते, कारण सालीचा तपकिरी रंग पट्टीवर चढतो आणि छटा ओळखू येत नाही. पेनासारखा डिजिटल मीटर ₹४५० ला मिळाला. त्यासोबत ४.०१ आणि ६.८६ च्या पुड्या येतात. त्या पाण्यात विरघळवून मीटर आधी जुळवून घ्यायचा, नाहीतर आकडा काहीही दाखवतो.

मंजनाचं पाणी: ३.४. नुसत्या त्रिफळ्याचं: ३.७. नुसत्या तुरटीचं त्याहून खाली.

तोंडातलं पीएच साधारण ५.५ च्या खाली गेलं की इनॅमलमधलं (दाताच्या वरच्या कडक आवरणातलं) खनिज विरघळायला लागतं. हिरडीखाली उघडं पडलेलं मूळ त्याच्याही आधी. म्हणजे हे मंजन आधी दात मऊ करतं आणि मग त्याच मऊ दातावर भुकटी घासतं. लिंबू आणि मीठ चोळण्याचा उपाय त्याच माळेतला मणी. तुरटी पूर्ण रद्द. ती लावली की हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात, आणि लोकांना ते ‘गुण आला’ असं वाटतं.

८ डिसेंबर. काच-परीक्षा

दात झिजतील का, हे घरी अचूक मोजता येत नाही, पण वाळू आहे का हे कळतं. सूक्ष्मदर्शकाच्या दोन काचपट्ट्या घ्यायच्या. मध्ये चिमूटभर मंजन आणि पाण्याचा थेंब, वीस-तीस वेळा घासायचं, धुवायचं, उजेडात तिरकं धरायचं. काच इनॅमलपेक्षा किंचित कडक असते. वाळूतलं क्वार्ट्झ दोन्हींपेक्षा कितीतरी कडक. काचेवर ओरखडे दिसले तर ते मंजन दातांसाठी नाही.

गोवरीची राखुंडी: ओरखडे भरपूर. गोवरी अंगणात थापलेली असते, तिच्यात माती येतेच, शिवाय गवतातली सिलिका (वाळूचं द्रव्य). तुसाची राख तर बहुतांशी सिलिकाच, ती तपासायचीही गरज नव्हती. विटकरीची भुकटी: काच धूसर झाली. गेरू: ओरखडे, आणि बेसिनला लाल डाग ते वेगळेच.

अनपेक्षित निकाल बाभूळसालीचा होता. वस्त्रगाळ असूनही बारीक ओरखडे आले. रस्त्याकडेच्या झाडाच्या सालीच्या भेगांत धूळ बसलेली असते आणि ती सालीसोबत दळली जाते. चमचाभर चूर्ण पेलाभर पाण्यात ढवळून दहा सेकंदांत वरचं पाणी ओतून दिलं, तर तळाशी चमकणारे कण उरले. उपाय म्हणजे बूच खरवडल्यावर साल वाहत्या नळाखाली ताठ ब्रशनं घासून लगेच वाळवायची. भिजत घालायची नाही, कारण तुरटपणा पाण्यात उतरून जातो. अशा सालीचं चूर्ण काचेवर स्वच्छ उतरलं.

इथून पुढे प्रत्येक नव्या पुड्याला ही परीक्षा. दोन मिनिटांचं काम आहे.

१५ डिसेंबर. खोबरेलाची पेस्ट

खोबरेल दोन भाग, खाण्याचा सोडा एक भाग, पुदिन्याच्या तेलाचे थेंब. फार लोकप्रिय कृती. खोबरेल २४–२५ अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी बरणीत दगड आणि दुपारी पातळ तेल, तळाशी बसलेला सोडा. तेलातला सोडा विरघळत नाही, म्हणून एका दिवशी नुसतं तेल तोंडात येतं आणि दुसऱ्या दिवशी खारट भुगा. चूळ टाकलेलं तेल बेसिनच्या वाकड्या नळीत थिजतं. आठवड्याभरात पाणी तुंबायला लागलं, उकळतं पाणी ओतून मोकळं केलं. प्रयोग बंद.

सोडा मात्र ठेवला. तो मऊ आहे, दात फारसे झिजवत नाही आणि आंबटपणा मारतो.

२२ डिसेंबर. चॉक

मंजनाचा पाया वनस्पतींऐवजी चॉकचा केला आणि कामाला दिशा मिळाली. हवा तो प्रेसिपिटेटेड कॅल्शियम कार्बोनेट, औषधी किंवा खाद्य दर्जाचा. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे ५०० ग्रॅम ₹२४०. फळ्यावरचा खडू चालत नाही. तो बहुतेक वेळा जिप्समचा असतो आणि त्यात काय बांधणी घातली आहे हे कोणी सांगत नाही. रांगोळीची भुकटी तर मुळीच नाही.

हा चॉक रासायनिक पद्धतीनं साका बसवून केलेला असतो, म्हणून कण काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि जवळपास सारखे. मलमलमधून कितीही गाळलं तरी घरी इतकं बारीक दळण होत नाही. कडकपणात तो इनॅमलपेक्षा बराच मऊ. ‘हे नैसर्गिक कसं?’ असं विचारलं जाईल. दाताच्या बाबतीत कण कुठून आला यापेक्षा तो केवढा आणि किती कडक, हे जास्त महत्त्वाचं.

नवा घाणा: चॉक ५५, बाभूळ २०, त्रिफळा १०, सोडा ५, ज्येष्ठमध ५, सैंधव ३, लवंग २. पीएच ६.९. काच स्वच्छ. चुरचुर थांबली.

५ जानेवारी २०२५. डाग, चव, फेस

दोन आठवड्यांत पुढच्या खालच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि दातांच्या रंगाच्या फिलिंगच्या कडेला तपकिरी रेघ. ब्रशचे केसही तांबूस. चहाचा डाग पडतो तोच प्रकार, टॅनिनचा. बाभूळ २० वरून ८ वर आणली, त्रिफळा ५ वर. नवीन डाग पडणं थांबलं. जुने डाग घासून काढायचा हट्ट धरू नये, ते दातांच्या डॉक्टरकडे पॉलिश करून घ्यावेत.

फेसासाठी अर्धा टक्का रिठा घातला. फेस येतो, पण कडवटपणा जेवणापर्यंत जात नाही, आणि चूर्ण उडालं तर डोळे झोंबतात. काढून टाकला. फेस नसला तरी दात स्वच्छ होतात, सवय व्हायला दहा-बारा दिवस लागतात.

गारव्यासाठी पुदिनाफूल (मेंथॉल), ओवाफूल (थायमॉल) आणि कापूर एकत्र खलले. तिन्ही खडे, आणि पाहता पाहता खलात तेल. अमृतधारा अशीच होते, म्हणजे यात नवल काही नाही, पण कोरड्या मंजनात हे तेल पडलं की गोळे होतात. आता फक्त पुदिनाफूल, १०० ग्रॅमला अर्धा ग्रॅम, दहा ग्रॅम चॉकमध्ये खलून मग बाकीच्यात. कापूर पूर्ण वगळला. लहान मुलानं थोडा जरी गिळला तरी झटके येऊ शकतात, आणि मंजनाची बरणी बेसिनजवळ उघडीच असते. लवंगेचं तेलही नको, दळलेली लवंग पुरे. शुद्ध तेल हिरडीला लागलं तर कातडं पांढरं पडून सोलतं.

२ फेब्रुवारी. ट्यूबमध्ये भरायची पेस्ट

मंजन १०० ग्रॅम, ग्लिसरीन ४०, उकळून गार केलेलं पाणी ३५, झँथन गम (घट्टपणा आणणारा डिंक) १. गम आधी ग्लिसरीनमध्ये कालवायचा आणि मग पाणी. थेट पाण्यात टाकला तर माशाच्या डोळ्यांसारखे गोळे होतात आणि ते कधीच फुटत नाहीत. पेस्ट छान झाली. प्रवासी ट्यूबमध्ये भरली.

१६ फेब्रुवारी आणि पुढे

ट्यूब फुगली. झाकण काढताच पेस्ट बाहेर उसळली. त्रिफळ्याचं आम्ल, चॉक आणि सोडा, त्यात पाणी: वायू होणारच. कोरड्या मंजनात हे तिघं गुण्यागोविंदानं राहतात, ओले झाले की नाही. रंगही फिक्या बदामीवरून गडद तपकिरी झाला. अल्कधर्मी पाण्यात टॅनिन हवेनं काळवंडतं.

त्रिफळा वगळून केली तर फुगली नाही, पण तिसऱ्या आठवड्यात ट्यूबच्या तोंडाशी बुरशी. सोडियम बेन्झोएट इथे कामाचा नाही. तो आंबट पदार्थातच बुरशी रोखतो, लोणच्यात-सरबतात चालतो तो म्हणूनच, पीएच आठच्या पेस्टमध्ये नाही.

पाणी पूर्ण वगळून मंजन १०० ला ग्लिसरीन ७५ घेतलं. बुरशी नाही, फुगणं नाही. दुसऱ्या दिवशी चूर्ण ग्लिसरीन पिऊन पेस्ट घट्ट होते, म्हणून आधी जरा सैलच ठेवायची. ती ट्यूबमधून निघत नाही, रुंद तोंडाच्या बरणीत आणि लाकडी चमच्यानं. खर्च मंजनाच्या दुप्पट. प्रवासासाठी ठीक, रोजसाठी कोरडं मंजनच.

९ मार्च. दातण

कडुनिंबाची पानगळ चालू आहे. या दिवसांत जुन्या काड्या वाळक्या लागतात, नव्या पालवीच्या फार कोवळ्या. करंजाच्या काड्या या मोसमात बऱ्या मिळाल्या. लांबी वीतभर, जाडी करंगळीएवढी, फवारणी होत नसलेल्या झाडाची. बाभळीची असेल तर काटे मुळाशी कापून, नुसते मोडून नाहीत.

एक सेंटिमीटर टोक दाढेखाली चावून कुंचला होईपर्यंत पाच मिनिटं जातात. घाईनं चावलं तर तंतूंऐवजी टोकदार सळ्या राहतात आणि हिरडीत घुसतात. वापरलेलं टोक रोज कापायचं. रात्री काडी ओल्या फडक्यात.

दर्शनी बाजू उत्तम निघते. दाढांची जिभेकडची बाजू मात्र सरळ काडीनं निघत नाही. ज्यांचे दात दाटीवाटीचे त्यांनी दातणावर विसंबू नये. शेवटी काडी उभी चिरून धनुष्यासारखी वाकवली की जीभ खरवडायला उत्तम, त्यासाठी तरी दातण ठेवावं.

६ एप्रिल. बीटाची परीक्षा

दात घासून झाल्यावर बीटाचा ताजा रस अर्धा मिनिट तोंडात फिरवायचा, साध्या पाण्याची एक चूळ, मग आरशात. जिथे गुलाबी राहिलं तिथे कीटण आहे.

मंजन बोटानं लावलं: हिरडीच्या रेषेवर आणि दातांच्या फटीत सगळीकडे गुलाबी. तेच मंजन मऊ ब्रशनं: खालच्या दाढांची आतली बाजू सोडली तर स्वच्छ. नुसता ओला ब्रश, मंजन काहीच नाही: जवळजवळ तितकंच स्वच्छ. हा निकाल मंजन करणाऱ्यांना आवडणार नाही, पण कीटण काढतो तो ब्रश. मंजन डाग धरू देत नाही, तोंडाला चव आणतं, एवढंच. दातांच्या फटींसाठी धागा लागतोच.

ब्रश बरणीत बुडवायचा नाही. अर्धा चहाचा चमचा मंजन तळहातावर, त्यावर ओला ब्रश. नाहीतर बरणीत पाणी जातं आणि एकाची लाळ दुसऱ्याला.

४ मे. फ्लोराइड

या मंजनात फ्लोराइड नाही, आणि कीड रोखण्यात सगळ्यात भक्कम काम त्याचंच आहे. बाभूळ, लवंग, कडुनिंब त्याची जागा घेत नाहीत. भारतात टूथपेस्टमध्ये त्याची मर्यादा १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) आहे.

घरी सोडियम फ्लोराइड आणून चॉकमध्ये मिसळायचा विचार कोणी करत असेल तर करू नये. चॉकमधल्या कॅल्शियमशी त्याचं न विरघळणारं कॅल्शियम फ्लोराइड होतं आणि दाताला काही मिळत नाही. म्हणूनच चॉकवाल्या पेस्टमध्ये कंपन्या सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट वापरतात. शिवाय ग्रॅमच्या अंशात तोलायची ही गोष्ट विषारी आहे, स्वयंपाकघराच्या काट्यावरची नाही.

ठरलेली व्यवस्था: सकाळी मंजन, रात्री झोपताना वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, आणि त्यानंतर चूळ न भरता फक्त थुंकणं. सहा वर्षांखालच्या मुलांना मंजन नाहीच, कोरडी भुकटी श्वासात जाते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असतं. तिथे मुलांसाठी पेस्ट ठरवण्याआधी पाणी तपासून डॉक्टरांना विचारावं.

‘नैसर्गिक’ म्हणून मिळणारी काळी मंजनं मात्र जपून. मशेरी आणि गुल म्हणजे तंबाखू. मंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, तरी सुटी काळी पूड बाजारात सापडते. घासल्यावर डोकं हलकं वाटलं किंवा तलफ लागायला लागली तर पुडी फेकावी.

२९ जून. पावसाळ्यातली बरणी

पहिल्या जोरदार पावसानंतर मंजनाची ढेप. दोष सैंधवाचा, ते ओल ओढतं. तीन टक्क्यांवर असूनही. मीठ लोखंड नसलेल्या कढईत दहा मिनिटं भाजून, गार होताच दळून मिसळलं आणि बरणीत कापडात बांधलेली भाजक्या तांदळाची पुरचुंडी टाकली, तेव्हा मंजन सुटं राहिलं. मोठी बरणी कोरड्या कपाटात, न्हाणीघरात फक्त आठवड्यापुरती डबी. प्लॅस्टिकला लवंगेचा वास कायमचा लागतो, म्हणून काच.

सध्या चालू असलेलं प्रमाण: चॉक ६६, खाण्याचा सोडा १०, बाभूळ ८, ज्येष्ठमध ६, त्रिफळा ५, भाजलेलं सैंधव ३, लवंग २ (३ ग्रॅम दळून चाळल्यावर उरलेली), वर पुदिनाफूल अर्धा ग्रॅम. पीएच ७.९. मिसळताना सगळं एकत्र तीनदा मैद्याच्या चाळणीतून, नाहीतर सोड्याचे कप्पे राहतात.

घट धरून १०० ग्रॅमला ₹६० च्या आसपास, म्हणजे साध्या टूथपेस्टच्याच आसपास. पैसे वाचत नाहीत. चाळण्यासकट एका घाण्याला अडीच तास लागतात, त्यातला निम्मा ज्येष्ठमधाचा. पुढच्या घाण्यात ज्येष्ठमध वगळून चॉक ७२ करायचा आहे. गोडवा जाईल, पण काम सव्वा तासात उरकेल.